आकडा किती

सोहारच्या किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत
आमचं घर. पाटीवर तसंच लिहिलंय, घर.
चोवीस खाटा, रात्रीला दोघी:
मी आणि धनमाया.
तिची कंबर महिनाभर धरलेली.

दर दोन तासांनी कूस बदलायची.
डावी, पाठ, उजवी, पाठ.
तक्त्यात वेळ, कूस, पुढं सही.
अंघोळीचं पाणी कोपरानं पाहायचं, बोटांनी नाही;
भांडी घासून बोटं निबर झालेली, ती खोटं सांगतात.
चाकांना ब्रेक. कठडे वर.
घंटीची दोरी त्यांच्या हाताला लागेल अशी,
उशीमागं नाही.
उशीमागं ती आपल्या सोयीची असते.

अकरा नंबरात खल्फान बाबा.
तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले त्यांनी,
दारोदार, उन्हातान्हात, कानामागं पेन्सिल.
अजूनही कुणी खोलीत आलं की विचारतात,
आकडा किती?
मी तोंडाला येईल ते सांगायचे.
चारशे बारा. सहाशे सात.
ते मान हलवायचे
आणि हवेत लिहून ठेवायचे.

त्या गुरुवारी झुवैना आजीला उलट्या लागल्या,
वीस नंबरचे दोनदा दारापर्यंत चालत गेले
ओमानमध्ये नसलेल्या कुठल्या गावाला निघालेले.
दहा वाजता जरा टेकले तेव्हा मी
सकाळपर्यंतच्या सगळ्या कुशी लिहून टाकल्या.
बाराची डावी. दोनची पाठ. चारची उजवी.
एस. के., एस. के., एस. के.

मिरजेला नर्सिंगला असताना बाई बजावायच्या,
लिहिलं नाही तर केलं नाही असं समजा.
लिहिलं म्हणजे केलं, असं
त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या.

चारला गेले तर बाबा टक्क जागे.
खाटेला टांगलेला तक्ता छातीवर ओढून घेतलेला.
घरी बसून लिहिलंस, म्हणाले,
त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत.
शाई एक. तिरकेपणा एक.
दारात जाऊन लिहिलेला आकडा
कधी उभा येतो, कधी घाम पडून फुटतो.

मग म्हणाले, मीपण एकदा लिहिला होता.
मजिसमधलं घर. बोरीच्या सावलीत बसून, अंदाजानं.
नळ आतल्या आत गळत होता.
तीन महिने.
भिंत बाहेरून अगदी चांगली दिसायची.

मी त्यांना कुशीवर घेतलं.
माकडहाडावर लाल चकती,
पन्नास बैशांच्या नाण्याएवढी.
बोटानं दाबली.
पांढरी पडायला हवी होती.
पडली नाही.

सही खोडताना हात थरथरला, हे खरं.
बारा: केलं नाही. दोन: केलं नाही.
चार वाजून दहा: डावी कूस. लाल. नाण्याएवढं.

सकाळी सिस्टर जेसिंता कागद धरून उभी राहिली.
बुधवारी तपासणीला येणार आहेत, शालन.
नवा तक्ता घे, नीट उतरवून काढ.
मी म्हटलं, नीट उतरवला
तर तिसरी बाई मागणार कशाच्या जोरावर?
तिनं तीन अर्ज आधीच केले होते, मला ठाऊक नव्हतं.
ती चिडली. पेलाभर चहा प्यायली, उभ्यानंच.
कागद तिनं फाडला नाही.
फायलीत लावला की खणात टाकला,
तेही मला सांगितलं नाही.

चकती बाराव्या दिवशी फिकटली.
धनमायाची कंबर तशीच आहे.
तिसरी बाई येणार येणार म्हणतात.

बाबा मला माफबिफ काही करत नाहीत,
त्यांना तो गुरुवार आठवतच नाही.
दार ढकललं की तोच प्रश्न.
दोन वाजून सतरा, मी सांगते, पाठ.
सतरा मिनिटं उशीर.
ते हवेत लिहितात.
मी कागदावर.