घराचं स्पेलिंग

मंगळवारी आणि शुक्रवारी मी मेव्हिसबाईंच्या पायाची पट्टी बदलायला जायचे.
हल शहर, हेसल रोड. माशांचा वास कधीच सरलेला,
तरी खिडकी उघडताना बाई नाक मुरडायच्या, सवयीनं.
वय सत्त्याहत्तर, साखर वाढलेली, जखम भरायचं नाव घेत नव्हती.

एका शुक्रवारी मांडीवर झेरॉक्स.
नातवानं कुठल्याशा दप्तरखान्यातून काढलेली.
"वाच. मी नऊ वर्षांची असतानाचं आहे."

वर विषय: विमानं आली त्या रात्री माझं काय झालं.
एक पान. शाई सांडू नये.
खाली मेव्हिस स्टॅदर्स, तिसऱ्या बाकावरची:

"आम्ही विटांच्या निवाऱ्यात होतो. अर्नी मामा सिगारेट आणायला गेला.
सकाळी घर नव्हतं. जिना होता, पण तो कुठेच जात नव्हता.
आईला किटली सापडली, झाकण नाही.
मामा मेला. मला घराचं फार वाईट वाटलं."

दहापैकी सात. लाल शाईत मिस थर्लवेल.

त्याच हिवाळ्यात लंडनहून माणसं आलेली, बाई सांगत होत्या,
एक गणिती, एक मुंग्यांचा अभ्यासक,
आणि सर्दीनं बेजार झालेली एक बाई, टंकलेखनाला.
खड्ड्यांच्या कडेनं पावलं मोजायचे.
कितव्या दिवशी कामावर गेलात? झोप लागते? नवरा जास्त पितो का?
फार सभ्य. आईला पेपरमिंट दिलं.
"आम्हाला वाटलं, नुकसानभरपाई मिळणार."

निबंधांचा गठ्ठाही त्यांनीच नेला.

नातवानं अहवालही आणला होता. मी पट्टी सोडवता सोडवता चाळला.
गणिती प्रामाणिक होता:
लोक घाबरले, रडले, सोमवारी कामावर गेले.
शहर मोडलेलं नाही.

त्याला टाचलेलं दुसरं पत्र, जेमतेम दीड पान.
लिहिणारा विद्वान, मंत्र्याच्या उजव्या हाताला बसणारा,
या रस्त्यावर पाऊल न ठेवलेला.
माणूस गेल्यापेक्षा घर गेलं की लोक जास्त खचतात, असं हल सांगतं.
म्हणून घरं. त्यांची. गोदीजवळच्या दाट वस्त्यांतली.
दर टनामागे इतकी, दर महिन्याला इतके टन,
पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.
कोपऱ्यात सही. सहीवर चहाचा डाग.

आमच्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा.
इथे शीत हलच्या पातेल्यातलं
आणि भात दुसऱ्याच कुणाच्या चुलीवरचा.

"एका पोरीच्या निबंधावर कुणी युद्ध चालवत नाही," मी म्हणाले.
"एकीच्या नाही गं. गठ्ठा होता."
मग बराच वेळ किटलीकडे बघत राहिल्या. हिला झाकण होतं.

"मामाचं जे वाटलं ना,
त्या शब्दाचं स्पेलिंग मला येत नव्हतं.
चुकलं की बाई गुण कापायच्या.
घराचं येत होतं."

नवरा ट्रॉलरवर होता. एक्कावन साली ब्रेमरहाफेनला गेलेला,
मासळी उतरवून गावात फिरून आला,
आल्यावर दोन दिवस गप्प.
तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, तिथे एक जिना बघितला.
एवढंच.
"मी त्याला बटाटे वाढले," मेव्हिसबाई म्हणाल्या.

मी जखम धुतली. कडा लालसर, तळ जरा बरा.
लांबी चार, रुंदी तीन. तक्त्यावर मांडलं.
शेवटचा रकाना राहिला होता, रोजच्यासारखा विचारला:
वेदना किती? शून्य ते दहा.

त्यांनी चष्मा काढला.
"हा आकडा कुणाकडे जातो?"

डॉक्टरांकडे, मी म्हणाले. मग खरं ते म्हणाले:
मला नक्की माहीत नाही.

"सहा लिही," त्या म्हणाल्या.
मी लिहिलं.
"नाही, थांब. पाच.
थांब जरा."