धुरी

वडिलांनी कधी त्या वायूचं नाव घेतलं नाही.
भायखळ्याच्या वखारीत, आठ बाय दहाच्या खोलीत
कच्च्या केळ्यांची लोंगरं छतापर्यंत रचून
ते मधोमध मडकं ठेवायचे,
मडक्यात गोवरी, भाताचा कोंडा, वर ओला पाला.
दार लावून फटी शेणमातीनं लिंपायचे
आणि केरबा हमालाला सांगायचे,
"चल. आता त्यांना आपसांत बोलू दे."

दुसऱ्या रात्री ते दाराला कान लावत.
कान. नाक नव्हे.
काय ऐकू येतं, विचारलं
तर डोक्यात टपली:
"आधी बारावी हो."

झालो. पुढेही बराच झालो.
माहुलच्या वाटेवर, जिथे चिमणीच्या टोकाला
रात्रभर ज्योत फडफडते,
तिथे तेवीस वर्षं पाळ्या केल्या.
नाफ्था आत, वाफ आत, भट्टी साडेआठशे अंशांवर
आणि हातात सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा;
उशीर झाला की नळीत नुसती काजळी.
मग थंड करायचं, थंड, आणखी थंड,
तेव्हा कुठे तो बाकीच्यांतून वेगळा निघतो:
रंग नाही, वास किंचित गोडसर,
ठिणगी दिसायचा अवकाश की पेटणारा.
दोन कार्बन, चार हायड्रोजन.
इथिलीन.

दोघा कार्बनांनी एकमेकांचे दोन्ही हात धरलेले.
एक सोडला, की शेजाऱ्याचा धरता येतो,
त्यानं एक सोडला, की पुढच्याचा,
असे हजारो, रांगेत,
आणि मग दुधाची थैली होते, बादली होते,
आमच्या गल्लीतल्या गटारात अडकलेली ती
काळी पिशवीही होते. माझीच असेल.

एका रविवारी तात्यांना सांगितलं.
वखार तेव्हा विकून झाली होती;
वाशीला थंड खोल्या आल्या होत्या, सिलिंडर, काटे.
"तुमच्या धुरीत होतं, तेच आम्ही बनवतो. टनांनी."
तात्यांनी माझी बाही ओढून हुंगली.
"मग धुराचा वास कसा नाही?"
जरा वेळानं: "पुडीवाल्यांसारखं तर नाही ना?
कार्बाईडची पुडी. साल पिवळं, आत दगड."
नाही, म्हटलं. ते वेगळं.
"बरं," म्हणाले, पण बाही सोडली नाही.

चेंबूर नाक्यावरची फुलवाली सरूबाई
आपली टोपली फळवाल्यापासून चार हात लांब मांडते.
म्हणते, त्याचे आंबे माझ्या कार्नेशनना नजर लावतात,
दुपारपर्यंत पाकळ्या मिटतात मेल्या.
मी तिला काही समजावलं नाही.
फांदी मोडली, मुळाशी पाणी तुंबलं,
तरी झाड हाच श्वास टाकतं, हेही नाही.
नजर हा शब्द तसा चुकीचा नाही.

तात्या आता शहाऐंशीचे.
काल कच्चे चिकू आणले मी, पॉलिथीनमधून.
त्यांनी पिशवी बाजूला भिरकावली,
"कोंडलं की सडतं,"
चिकू तांदळाच्या डब्यात पुरले,
मध्ये ठिपके पडलेलं एक वेलची केळं.
आणि रात्री, पाणी प्यायला उठलो तर,
ते डब्याला कान लावून उकिडवे बसलेले.
मीही बसलो.
ज्याचा दाब, ज्याचा प्रवाह
तेवीस वर्षं दर तासाला वहीत मांडला,
त्याचं काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.
"परवा," तात्या म्हणाले,
आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.