चतुःसीमा

कल्लोळच्या घाटावर मल्लूनं विचारलं,
"वजन किती?"
इंदू म्हणाली, "बाईमाणसाला विचारायची ही काय रीत?"
खरं त्यानं ऐकलं नाही.
मला पुढं बसवलं, तिला मागं,
मधे तांदळाचं अर्धं पोतं, बर्फाचा डबा
आणि पाय बांधलेली दोन कोंबडी,
ज्यांच्या परतीचं भाडं कुणी घेणार नव्हतं.

दूधगंगा कृष्णेत शिरते तिथं
पाणी फर्लांगभर दोन रंगांचं राहतं.
त्या रेघेवर बाळव्वाची खानावळ.
साखर कारखान्यातून बाद झालेली अठ्ठावीस पिंपं,
वर बाभळीच्या फळ्या, वर पत्रा,
पत्र्यावर दोडक्याचा वेल,
त्याची मुळं रंगाच्या डब्यात.
चार कोपऱ्यांना चार दोर, दोरांच्या तळाशी
फुटक्या जात्यांच्या तळ्या.

मी दस्तलेखक. चिकोडीच्या कचेरीबाहेर
एकतीस वर्षं लोकांची जमीन लिहितो.
पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक,
दक्षिणेस सरकारी ओढा, उत्तरेस सामाईक बांध.
सवय वाईट. फळीवर पाय टेकला नाही तोच
मनात लिहायला घेतलं:
पूर्वेस पाणी.
पश्चिमेस पाणी.
दक्षिणेस पाणी, मघाचं गेलं, हे नवीन.
उत्तरेस
तेवढ्यात वारा आला, खानावळ दोरावर फिरली
आणि उत्तर चुलीमागं गेली.

"बोर्ड नाही लावला, बाळव्वा?"
"कुठल्या भाषेत लावू? दोघं येऊन गेले की.
एक म्हणाला कन्नडात लाव, एक म्हणाला मराठीत.
मी म्हटलं, आधी जेवा.
वांबीचा रस्सा वाढला.
मग नाकं पुसालेत दोघंबी,
ते कुठल्या भाषेत पुसालेत, मला कळंना."

दुसऱ्या खेपेला आले भरमाणी आणि कल्लाप्पा.
एकाच होडीत, पाठीला पाठ.
होडी एकच आहे, इलाज नाही.
यांची वाटणी माझ्याच अक्षरात.
अकरा गुंठे ऊस, एक विहीर, एक चिंच,
आणि चिंचेची सावली कुणाची
यावर नऊ वर्षं दावा.

मला बघून दोघांनी एकदमच मान फिरवली
आणि दोन टोकं धरली.
ताटं आली. भाकरी, झुणका, कच्चा कांदा.
भरमाणी मीठ मागायला उठला
तशी फळी कल्लाप्पाकडं कलली,
रस्सा ताटाच्या काठाला लागला.
चुलीपासनं बाळव्वा ओरडली,
"कल्लाप्पा, मधी सरक की! भाऊ उठलाय!"

सरकला. ताट हातात धरून, तोंड वाकडं करून,
उकिडवा, दोन हात मधे.
भरमाणी बसला तसा परत जाग्यावर.
पुढच्या वेळी ओरडावं लागलं नाही.
भरमाणीनं उठायच्या आधी नुसतं बघितलं
आणि कल्लाप्पा हलला.
मग कल्लाप्पा पाणी घ्यायला उठला,
भरमाणी हलला.
भात येईपर्यंत चार वेळा.
शब्द एक नाही.
साक्षीदार म्हणून सही कुठं करू, मला सुचेना.

इंदूनं हे सगळं बघितलं
आणि काही कारण नसताना उभी राहिली.
मी काटा काढत होतो. सरकायला उशीर झाला.
रस्सा थेट सदऱ्यावर.
"एकतीस वर्षं," ती म्हणाली,
आणि हसता हसता तिला ठसका लागला,
तर पाणी द्यायला उठायचीसुद्धा
मला भीती वाटली.

परतीला मल्लूनं पुन्हा विचारलं, "वजन किती?"
"मघापेक्षा जास्त," इंदूनं स्वतःच सांगितलं.
घाटावर उतरलो. जमीन अजून हलत होती,
निदान माझ्या पायाखाली तरी.
मागं ते दोघं खेपेची वाट बघत,
फळीच्या दोन टोकांना, बिडी एकेक.

मंगळवारी त्यांची तारीख आहे.
कोर्टाबाहेरचं बाकडं मी रोज बघतो.
चारी पाय सिमेंटात.
एक उठला तरी
दुसऱ्याला कळत नाही.