टँकरची शीट

आमच्या सोसायटीचा पाण्याचा हिशोब
आता आभाळात असतो.
क्लाउडचं हे भाषांतर हर्षेकाकांचं,
आणि ते त्यांना इतकं आवडलंय
की प्रत्येक मीटिंगमध्ये दोनदा तरी येतं.

फुकट आहे का, हे त्यांनी आधी विचारलं.
मग, किती दिवस फुकट?
मग, कशाच्या बदल्यात?
तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
तरी मी लिंक पाठवली.

त्याआधी वही होती,
पंपरूमच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली, पेन्सिलीसकट.
गेल्या एप्रिलात वहीत अठरा टँकर निघाले, बिलात तेवीस,
आणि मधल्या पाचांवरून
बी विंगनं ए विंगशी बोलणं सोडलं.

आता एकच शीट. फ्लॅट चौसष्ट.
तारीख, वेळ, टँकरचा नंबर, रुपये.
भडभडेबाई घरातून रकाना रुंद करतात,
नदाफ हिंजवडीच्या ऑफिसातून बेरीज लावतो,
हर्षेकाका ‘पाणि’चं ‘पाणी’ करतात
आणि बाजूला टिप्पणी ठेवतात:
टँकर उशिरा येऊ शकतो, वेलांटी चुकायचं कारण नाही.

कधी दोघं एकाच चौकटीत शिरतात,
दोन रंगांचे कर्सर,
अरुंद जिन्यात समोरासमोर आल्यासारखे.
आधी तुम्ही. नाही नाही, आधी तुम्ही.
आणि चौकट रिकामीच राहते.

मार्चअखेरीस एका रात्री, पावणेचारला,
घसा कोरडा पडला म्हणून उठले
आणि सवयीनं फोन उघडला.
शीटमध्ये कोणीतरी होतं.
वर कोपऱ्यात गोल चित्र:
अनामिक पाणमांजर.

पाणमांजर सावकाश लिहीत होतं.
अक्षर उमटायचं, थांबायचं, पुसलं जायचं.
रुपयांच्या पलीकडे,
जिथं आमच्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं,
त्यानं नवा रकाना काढला:
कोन जागं होतं

खाली, माणिक सूर्यतळ.
माणिक सूर्यतळ.
माणिक सूर्यतळ, पाईप फाटला, भिजले.
माणिक सूर्यतळ, ताप होता.
फेब्रुवारीपर्यंत मागे मागे जात
एकेचाळीस वेळा.

मी खिडकीशी गेले.
खाली धायरीच्या उतारावरून आलेला टँकर धडधडत होता,
पाईप टाकीत सोडून सूर्यतळ कठड्यावर बसलेले,
गेटजवळच्या खोलीत फोनचा उजेड
आणि उजेडात करुणा,
मांडीवर नववीचा भूगोल, पालथा.
लिंक आम्हीच नोटीसबोर्डावर लावलेली.
‘कोणीही बदल करू शकेल’
हे मीच निवडलेलं, खरं सांगायचं तर आळसानं.

सकाळी ग्रुपवर गदारोळ.
शीटला कुलूप लावा.
रकान्यामुळे प्रिंट एका पानात बसत नाही, भडभडेबाई.
नदाफ म्हणाला, जुनं रूप एका क्लिकवर परत येतं,
सगळा इतिहास आत असतो.
मी म्हटलं, मी वाचलाय तो.

हर्षेकाका काहीच बोलले नाहीत.
दुपारी त्यांचा जांभळा कर्सर
त्या नव्या रकान्याच्या डोक्यावर येऊन थांबला.
बराच वेळ लुकलुकत राहिला.
मग त्यांनी ‘कोन’चं ‘कोण’ केलं.
मला राग आला. इतका, की फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी पाहिलं तर शेजारी आणखी दोन रकाने:
तास.
रात्रीचे देणे.
खाली सूत्र, चुकलेलं, सगळीकडे लाल खूण.
नदाफनं फोनवरून समजावलं,
काका, ‘रुपये’ अक्षरात लिहू नका,
तासाचा नुसता दर टाका, बाकी आपोआप येईल.

दर ठरवायला सगळे आत आलोय.
वर कोपऱ्यात इतकी गोल चित्रं
की शेवटी नुसता आकडा दिसतो.
पाणमांजरही आहे त्यात, गप्प.
आणि त्या एका चौकटीभोवती आम्ही,
आधी तुम्ही.
नाही नाही,
आधी तुम्ही.