जोड

मेडिकलच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून
ती पोरगी डॉक्टर विचारून राहिली होती
अन् मी खोटं बोलून राहिलो होतो.

वय? अडुसष्ट. हे खरं.
तंबाखू? कधीमधी.
पंचफुलानं वर पंख्याकडे पाहिलं.
सक्करदऱ्याच्या ठेल्यावर मला पाहून
न सांगता खर्रा घोटायला घेतात,
हे त्या पंख्यालाही माहीत असावं.
जिना चढताना दम लागतो?
नाही, म्हटलं. लिफ्टनं आलो होतो.

मग काट्यावर उभं केलं. काट्याला खोटं जमत नाही.
तीन महिन्यांत नऊ किलो.
रक्त आठ पॉइंट चार.
अल्ब्युमिन म्हणाली, मी ऐकलं अल्युमिनियम,
म्हटलं, घरी डबे आहेत भरपूर.
ती हसली नाही.
आतडं कापून जोडायचं काका,
अंगात काही नसलं तर जोड धरेल कशावर?

जोड मला नका सांगू, बाई.
सदतीस वर्षं नळखात्यात फिटर होतो.
गंजल्या पायपावर नवी कॉलर बसत नाही.
घाईत बसवली तर चार दिवस सगळं ठीक,
पाचव्या दिवशी गोळीबार चौकात
वरून डांबर कोरडं अन् खाली
माणूस जाईल एवढा खड्डा.

ती म्हणाली, हो.
आम्हालाही पाचव्या दिवसाचीच भीती असते.
अन् खुर्ची पुढे ओढून बसली.

मग सांगितलं.
दिवसाला सहा पुड्या.
साखरेची गोळी आठवली तर.
दम्यासाठी त्या बारक्या पांढऱ्या गोळ्या,
दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो त्या.
हिच्याखाली तिनं दोन रेघा ओढल्या.
पंचफुलाला ते माहीत नव्हतं.

तीन आठवडे थांबू, म्हणाली,
गाठ तेवढं थांबू देईल असं वाटतं.
अंडी, सोयाबीन, शिरेतून लोह, रोज चालणं.
खर्रा आजपासून बंद. उद्यापासून नाही.
शिकाऊ पोरांना मीच ओरडायचो,
आधी वॉल बंद कर, मग पाना उचल.

आता संध्याकाळी ओट्यावर बसून
नळी तोंडात धरतो, श्वास आत ओढतो.
पहिला गोळा वर जातो.
दुसरा अर्ध्यात थरथरतो.
जीभ गालात जाऊन काहीतरी शोधून येते.
तिसरा तळाशीच.
पंचफुला म्हणते, परत.