डबा की काच

अंबडच्या कारखान्यात मी दिवसभर
बेअरिंगचे छर्रे मोजते, मायक्रॉनमध्ये.
केसाच्या जाडीचा विसावा भाग चुकला
तरी लाल पेटीत टाकायचं,
त्यात दयामाया नाही.
आणि तीच मी
गेले चार महिने बेचाळीस हजार रुपये
या खिशातून त्या खिशात मोजतेय.

कॅमेरा माझा नऊ वर्षांचा.
पकडीचं रबर सुटलंय,
पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलंय, उन्हाळ्यात पुन्हा सुटतं.
बटणांवरची अक्षरं अंगठ्यानं कधीच पुसली,
अंगठ्याला आता वाचावं लागत नाही.
पहाटे नांदूरला, पाणी अजून शिशाच्या रंगाचं असतं तेव्हा
हा प्रत्येक पाखराच्या पंखावर
रवा सांडतो.

एम. जी. रोडवरचे कांकरिया म्हणाले,
मॅडम, बॉडी बदला, अंधारात मांजरासारखी बघते ही.
कपाटातून काढून हातात दिली.
तिचं शटर असं वाजलं
जणू शेजारच्या खोलीत कुणी
हळूच दार ओढून घेतलं.

आमच्या खात्यातला शिरसाठ म्हणतो,
बॉडी म्हणजे मोबाइल, तीन वर्षांत शिळी.
लेन्स म्हणजे पितळेची भांडी,
मोडीतही भाव येतो.
शिरसाठकडे कॅमेरा नाही.

माझ्याकडची लेन्स कॅमेऱ्याबरोबर आलेली, फुकटातली.
तिच्यातून आभाळातला भोवत्या म्हणजे
ताकात पडलेला मोहरीचा दाणा.

मग गायधनी सर. चित्रकलेचे, निवृत्त.
गंगापूर रोड, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
जाहिरात सुनेनं टाकलेली: चारशेची लेन्स, एकाच हातात वापरलेली.
ती त्यांनी माकडटोपीत गुंडाळून ठेवली होती.
"मोतीबिंदू असता तर काढला असता," म्हणाले,
"पण मागचा पडदाच गेला.
पुढची काच ठणठणीत, काय करता."
मला वाटलं कॅमेऱ्याविषयी बोलतायत.
हसले मी.
मग कान गरम झाले.

टॉर्चसमोर धरून तपासली, सवय.
कडेला बुरशीचा एक तंतू.
आमच्याकडे असता तर लाल पेटी.
"पुराच्या वर्षीचा आहे तो," सर म्हणाले,
माझ्या थांबण्यावरून त्यांना कळलं होतं,
"फोटोत येत नाही."
घासाघीस केली नाही. अडतीस हजार.
उरलेल्या चारात कुणाचंच काही होत नाही.

रविवारी नांदूरमध्यमेश्वर.
मनोऱ्यावर मी एकटी, खाली एक बाबा म्हशी धूत होते.
लेन्स बसवली. कट्.
सहा करकोचे उसावरून आले, पाय खाली सोडत,
उथळ पाण्यात उतरले, थेट समोर.
बटण दाबलं.
कॅमेऱ्यानं आतल्या आत काहीतरी गिळलं
आणि पडद्यावर लिहिलं: एरर.
बॅटरी काढली, घातली. फुंकर मारली. एरर.
नऊ वर्षं, आणि आजच.
कांकरियांचा नंबर आठवला,
शिरसाठचं तोंडसुद्धा.

काय करणार. लेन्स सोडवून घेतली.
पर्समधली ओव्हरटाइमची पाठकोरी चिठ्ठी
मनोऱ्याच्या सावलीत तिच्यामागे धरली
आणि रिंग फिरवत गेले.
आधी नुसता उजेड, मळकट.
मग कागदावर, माझ्या बोटांच्या मधे,
पाणी वर, आभाळ खाली,
आणि तांदळाएवढे सहा करकोचे
पाय वर करून चालत होते.
एकानं मान वळवली.
गळ्याचा काळा रंगसुद्धा दिसला,
रवा नाही, काही नाही.

"आला का फोटू?" खालून बाबांनी विचारलं.
"आला."
"दाखवा की."
"वर या," म्हटलं, "लवकर या,
हात हलतोय माझा."