रकाना अकरा

काझ्मीरबाब व्हायोलिनं दुरुस्त करतो.
मडगावात, माझ्या टायपिंगच्या काउंटरवर
सरस लागलेल्या बोटांनी त्यानं अर्ज ठेवला:
वास्तव्य परवाना, वर्ग स्वयंरोजगार, उद्योजक.
"उद्योजक म्हणजे मी?"
त्यानं दोनदा विचारलं.

रकाना अकरा: येत्या पाच वर्षांतलं
अपेक्षित उत्पन्न, वर्षवार.

तो गप्प. बाहेर मासळीचा टेम्पो
मागे, मागे, अजून मागे येत होता.

"बाय, इथं हवा दमट. सांधा सुटतो,
फेस्ताआधी चारजण तरी दारात.
तिथली हवा कोरडी.
कोरडीत लाकूड सुटत नाही, फाटतं.
सुटलेलं मी जोडतो.
फाटलेलं..."
त्यानं बोटं पँटीला पुसली.

मी म्हटलं, काहीतरी आकडा लागतो.
पहिल्या वर्षी चाळीस व्हायोलिनं लिहू?

"चाळीस?
ज्यांचं तोंड पाहिलं नाही
त्या चाळीस जणांचं मोडणार
असं मी सहीनिशी लिहून देऊ?"

शेवटी सव्वीसवर आलो.
तेही त्याला जास्तच वाटले.
सही करून तो दाराशी थांबला:
"दुसऱ्या वर्षी थोडे कमी कर."